शेवंताबाईंचं दुःख

शेवंताबाईंचं नैराश्य यंत्रावर इतकं स्पष्ट उमटे, की नर्सिंग कॉलेजात मानसिक आजारांची शुश्रूषा शिकवणाऱ्या खांबेटे मॅडमना आपल्या संशोधनासाठी दुसरा रुग्ण शोधावाच लागला नाही. दर सोमवारी रुग्णालयातल्या खोलीत शेवंताबाईंच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली जाई. त्यांच्या मनातलं सगळं त्यात नोंदलं जाई, आणि तशाच टोप्या घालून वर्गातल्या मुली दहा मिनिटं ते दुःख स्वतः भोगत.

"मॅडम, औषध कधी सुरू करणार?" शेवंताबाई विचारत.

"पुढच्या आठवड्यात," मॅडम सांगत. औषधाने बाई महिन्याभरात बऱ्या झाल्या असत्या, पण मग उरलेल्या नोंदी कुठून आणायच्या? अकरा आठवडे त्यांनी हेच उत्तर दिलं. बाराव्या आठवड्यात शेवंताबाईंनी जीव दिला.

दोन दिवसांनी मॅडमनी त्यांची शेवटची नोंद वर्गात लावली. अल्फिया नावाच्या विद्यार्थिनीने टोपी काढून बाकावर ठेवली.

"मॅडम, त्यांना मरायचं नव्हतं," ती म्हणाली. "खोलीचं दार वाजलं की दर वेळी त्यांच्या जिवात जीव यायचा. तुम्ही औषध घेऊन आलात, असं वाटायचं त्यांना."

मॅडमनी वही पुढे ओढली.

"इतक्या नैराश्यातही आशा टिकते, हे अजून कुणी मांडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दार किती वेळा वाजलं, आठवतंय का तुला?"