कृत्तिका मोजताना

“उजवी बाजू झाका पप्पा, आणि डाव्या डोळ्यानं बघा. मधलं चाक हळूहळू फिरवा.”

ज्योतीरामनं दुर्बिणीच्या उजव्या भिंगावर तळहात ठेवला नि चाक फिरवलं. आधी नुसता पांढुरका फराटा होता. तो आवळत आवळत आला आणि कृत्तिकांचा झुबका लख्ख दिसला. संध्याकाळचे सात वाजले होते. कुरुळीतल्या भाड्याच्या खोलीवरची गच्ची, खाली शिफ्टच्या बसचे हॉर्न, चाकणच्या बाजूचं आभाळ कंपन्यांच्या दिव्यांनी पिवळं पडलेलं. तरी दिसल्या. गडी खूश झाला.

दुर्बीण तनुजाच्या शाळेची. नववीतल्या पोरीला सायन्सच्या मॅडमनी दोन दिवसांसाठी दिलेली. मघाशी दोन्ही नळ्या जवळ-लांब करत तिनं विचारलं होतं, “दोन गोल दिसतायत की एक?” “एकच,” तो म्हणाला होता. तेवढं मात्र बिचारा खरं बोलला. गेले दोन महिने त्याला सगळं एकाच डोळ्यानं दिसत होतं.

झालं असं, की कंपनीत ग्राइंडरवर काम करताना एक कण उडाला नि थेट उजव्या डोळ्यात घुसला. गॉगल होता की. लॉकरमध्ये, कोरा करकरीत. ऑडिटच्या दिवशीच तो बाहेर निघायचा. गेटवरच्या बोर्डावर तेव्हा अपघाताविना चारशे एक्याण्णव दिवस झाले होते आणि पाचशेला सगळ्या लाइनला मोठ्या हॉटेलात जेवण होतं. सुपरवायझर दौलतराव हात जोडून म्हणाला, “भाऊ, नऊ दिवस कळ काढा. बोर्ड शून्यावर आणू नका.” यानं काढली. चार माणसांचं मन मोडायचं याला कधी जमलंय? दहाव्या दिवशी दवाखान्यात गेला तर डॉक्टरनं नुसती मान हलवली. जेवणात गुलाबजाम होते. कंपनीच्या कागदावर त्याचा डोळा अजून शाबूत होता.

आणि आता सोमवारी मेडिकल. सात वर्षं कंत्राटावर घासल्यावर पर्मनंटच्या यादीत नाव आलं होतं. डोळ्यात खोट निघाली तर पर्मनंट राहिलं बाजूला, हातातली नोकरीही जाणार. डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं त्यानं पाठ करून ठेवली होती. तक्ता दर वर्षी तोच, आणि आत जाऊन आलेला पहिला माणूस बाहेरच्या रांगेला ती अक्षरं सांगतोच. घरी मात्र त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, बायकोलासुद्धा नाही.

“आता डावी बाजू झाका.” तनुजा त्याच्या समोर येऊन उभी राहिली. दुर्बीण हलू नये म्हणून तिनं ती पुढून धरली. “उजव्या डोळ्यापाशी कडं आहे, ते फिरवा. स्पष्ट झालं की सांगा.”

त्यानं कडं फिरवलं. अंधार. उलटं फिरवलं. अंधारच. गार वारं सुटलं होतं तरी त्याच्या मानेवर घाम आला. पोरीशी खोटं बोलायचं त्याच्या अगदी जिवावर आलं, पण खरं सांगून तरी करणार काय? तिची दहावी तोंडावर आलेली. गावाकडं परत जावं तर तिथं काय ठेवलंय?

“झालं स्पष्ट,” तो म्हणाला.

“किती दिसतायत?”

“सात. एकूण एक मोजून घे.”

दुर्बीण थरथरायला लागली. आपलाच हात कापतोय असं वाटून त्यानं ती आणखी घट्ट धरली.

“तुझ्या बापाची नजर लई पक्की आहे, बघ,” तो उगाच हसत म्हणाला. “सोमवारी डॉक्टरसुद्धा हेच म्हणतोय.”

“पप्पा,” तनुजा म्हणाली. “उजव्या भिंगावर मघापासून माझा हात आहे.”