जेटीचं कडवं

शनिवारी संध्याकाळी सात वाजता जत्रेच्या मंचावर किशोरी तांडेलचा माइक बंद करण्यात आला.

किशोरी जॅझच्या ढंगाची मालवणी गाणी स्वतः लिहिते आणि स्वतःच गाते. आवाज खणखणीत, शब्द चिमटे काढणारे. पुढच्या रांगेतल्या सरपंच नानांनी तिला आधीच बजावलं होतं, "गाणा बरा आसा गो तुझा. पण ता जेटीचा कडवा गाळ, नायतर माइक बंद करतलंय."

"करा, नानानू. माका माइक लागणा नाय."

ती त्या कडव्याशी येताच माइक बंद झाला, तरी गिटारचा ठेका न सोडता तिने ते गाऱ्हाण्याच्या सुरात उचललं. देवाला गाऱ्हाणं घातलं की जमलेल्यांनी हात जोडून प्रत्येक ओळीला होकार द्यायचा, ही इथली लहानपणापासूनची सवय.

"बा देवा म्हाराजा, जेटीच्या भूमिपूजनाक तीनदा नारळ फुटलो..."

"व्हय म्हाराजा!"

"पण जेटीक अजून एक होडी लागूक नाय..."

"व्हय म्हाराजा!" जत्रा गरजली.

"आता चौथो नारळ फोडूच्या आधी आमच्या सरपंचांका जेटी खंय आसा, ती दाखव रे म्हाराजा!"



लोक हसत सुटल्यामुळे या ओळीला होकार एकट्याचाच ऐकू आला: डोळे मिटून, हात जोडून बसलेल्या नानांचा.