पिवळ्या पाकिटाची रांग

चतुराबाईनं मागं वळून पाहिलं. सकाळी ती आली तेव्हा कृषी केंद्रापुढं पाच-सहा बायाच होत्या. आता रांग चौक ओलांडून पार बँकेपर्यंत गेली होती. अमरावतीच्या उन्हात एवढी माणसं नळाच्या पाण्यासाठीही उभी राहत नाहीत.

ही उभी होती कपाशीच्या बियाण्यासाठी. तेही पिवळ्याच पाकिटातल्या. शेजारच्या दुकानात दुसऱ्या कंपन्यांची पाकिटं पडून होती आणि दुकानदार माश्या मारत बसला होता.

पाय दुखले की माणूस आपली चप्पल जागेवर ठेवून भिंतीची सावली धरायचा. चप्पल म्हणजे नंबर. कोणी सरकवली तर डोकं फुटायचं.

"काकू, तुम्ही मागच्या साली हेच लावलं होतं?" आचल नावाची एक पोरगी विचारत होती. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होती, रांगेतल्या माणसांना प्रश्न विचारत फिरत होती.

"नाई."

"मग यंदा हेच का?"

"त्याइले विचार." चतुराबाईनं मागं बोट केलं.

मागं अचलपूरचे शेषराव होते. "सारेच घेऊन राहिले न बाई. सारे का पागल हायेत?"

"पण सारे हेच सांगतात."

"मंग झालं त." शेषरावांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुये बाबा काय पेरतेत?"

"ते तलाठी आहेत."

"मंग थे सातबाऱ्यावरच पेरत असतीन."

माणसं हसली. चतुराबाई हसली नाही.

"बाई, काई खबर?" शेषरावांनी हळूच चतुराबाईला विचारलं.

"आमच्या तिवश्यात त संपलं. कोनालेच नाई भेटलं. इथं दुपारपावतर पुरते का नाई, देवाले मालूम."

बोलली आणि स्वतःच्याच शब्दांनी तिच्या अंगावर काटा आला. शेषरावांनी लगेच साळ्याला फोन लावला. "जसा असशील तसा ये. बायकोलेही आन. आधार कार्ड घेऊन."

एका आधार कार्डावर दोनच पाकिटं मिळत होती. दोनच म्हटल्यावर ज्याचं एकात भागत होतं तोही दोन मागत होता. छापील भावावर किती जास्त लावतात, हे कोणी विचारत नव्हतं. विचारणाऱ्याचं पाकीट हातचं गेलं असतं.

चतुराबाईला तिचं तीन एकर दिसत होतं. वखरून तयार पडलं होतं, वर्षाचं खाणं त्याच्यावर होतं. घरात बियाण्याचा दाणा नव्हता.

तेवढ्यात कृषी केंद्राचं शटर अर्ध्यावर खाली आलं.

रांग मोडली. चपला तुडवल्या गेल्या. एक म्हातारा पडला आणि माणसं त्याला ओलांडून पुढं घुसली. शेषरावही घुसले. चतुराबाईचा कोपर लोखंडी जाळीवर सोलला, तरी तिनं हात आत खुपसला. दोन पाकिटं हातात आली. ती छातीशी धरून ती बाहेर पडली. माणसं तिच्याकडे बघत नव्हती, पाकिटांकडे बघत होती.

ती गल्लीत वळली आणि त्याच कृषी केंद्राच्या मागच्या दारानं आत गेली.

गोदामात छतापर्यंत पिवळी पाकिटं रचलेली होती. मालक गजेंद्रशेठ पंख्याखाली बसले होते. त्यांनी तिच्या हातातली दोन्ही पाकिटं घेऊन ढिगावर टाकली आणि रांगेत उभं राहण्याची मजुरी तिच्यापुढं धरली.

"तिवश्याचं मस्त बोलली तू. उद्या अकोल्याच्या दुकानापुढं उभं राहाचं हाये. बाकीच्या बायाइलेही सांगून दे."

चतुराबाईनं हात पुढं केला नाही.

"मजुरी नोका देऊ, शेठ. थे दोन पाकिटं मले वापस द्या."

"येडी झाली का? येवढा ढीग तुह्या डोयानं पाहून राहिली न?"

"ढीग पाह्यला जी. तुमी बाहेरची रांग नाई पाह्यली."