जुनी प्रत

डॉक्टर देवतळ्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर सुरू होता, आणि त्यावर बाळांच्या सलाईनचा हिशेब करणारा नलूचाच प्रोग्राम चालला होता. तेच प्रश्न, त्याच क्रमाने: बाळाचं वय, वजन, ताप. फक्त वरचं नाव वेगळं होतं. ‘प्रभाकर कॉम्प्युटर्स, वर्धा’.

नलू दारातच थबकली. हाच प्रोग्राम दाखवायला ती देवळीहून एसटीने आली होती. फ्लॉपी पर्समध्ये होती. अठ्ठ्याऐंशी साली जिल्ह्यात कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके. तिने तो प्रोग्राम प्रभाकररावांच्या दुकानातल्या मशीनवर बसून लिहिला होता. तेच प्रभाकरराव आता डॉक्टरांच्या शेजारी चहा पीत बसले होते.

“काका, हा तं माहा प्रोग्राम हाय,” ती म्हणाली. आवाज नको तितका बारीक निघाला.

प्रभाकरराव हसले. “डॉक्टरसाहेब, ही नलू. आमच्याकडं शिकायले येत होती. मशीन माही, बिजली माही, अन् म्हणते प्रोग्राम हिचा!” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “काय सबूत हाय पोरी तुह्यापाशी?”

सबूत नव्हता. अशा चोरीसाठी कायदा झालाय, असं तिने ऐकलं होतं. पण देवळीच्या वकिलाने फ्लॉपी म्हणजे काय, इथूनच सुरुवात केली होती.

तेवढ्यात नर्स आत आली. “सर, आंजी गावचं ते बाळ दोन किलो भरलं. सलाईनचा वेग किती ठेवू?”

डॉक्टरांनी बटणं दाबली. आकडा उमटला. तो वाचून नर्स वळली.

नलूने पडद्यावरचा आकडा पाहिला. ही दुकानातल्या मशीनवर राहिलेली जुनी प्रत होती. इतक्या लहान बाळांचा हिशेब तिच्यात चुकत होता. तो तिने मागाहून घरी कागदावर सोडवला, नागपुरात एका मशीनवर जाऊन सुधारला. गप्प राहिलं असतं, तर बाळाच्या जिवावर प्रभाकररावांचं बिंग आपोआप फुटलं असतं.

“सिस्टर, थांबा!” ती ओरडली. “तो आकडा चुकला हाय. मीच चुकवला हाय!”

डॉक्टरांनी कागद ओढला, हाताने हिशेब केला, आणि पेन्सिल खाली ठेवली. “दुपटीहून जास्त,” ते पुटपुटले. नर्सला त्यांनी खरा आकडा सांगितला. मग प्रभाकररावांना विचारलं, “हे काऊन चुकलं, सांगा.”

प्रभाकरराव पडद्याकडे बघत राहिले.

नलूला हायसं वाटायला हवं होतं. पण ती लगेच प्रभाकररावांकडे वळली.

“काका, अजून कोणाले देल्ली ही कॉपी?”

“आर्वीले,” प्रभाकररावांनी ओठ पुसले. “एका दवाखान्याले. परवाच.”

डॉक्टरांनी आर्वीला लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा ट्रंक कॉल, लावायला सांगितला. तिकडे घंटी वाजत राहिली. शेवटी कोणीतरी फोन उचलला, तसा डॉक्टरांनी रिसीव्हर नलूच्या हातात दिला.

“कोण बोलते?” तिकडून विचारलं.

नलूने प्रभाकररावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

“तुमच्याकडचा सलाईनचा प्रोग्राम माहा हाय,” ती म्हणाली. “तो बंद करा. अन् त्याच्या हिशेबानं कोण्या लेकराले सलाईन लावलं असंन, तं आधी तिकडं धावा.”

तिकडे रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग लांब जाणारी, पळणारी पावलं.