एस्बेनचे गमबूट

सेंद्रिय शेतं पुढे टिकतील की नाही, हे तपासत मी जटलंड प्रांतभर हिंडते. विगो आणि बोदिल या म्हाताऱ्या जोडप्याच्या शेतात फावडंभर माती उचलली, तर गांडुळंच गांडुळं. गायी तुकतुकीत, विहिरीचं पाणी स्वच्छ.

कॉफी पिताना शेवटचा प्रश्न विचारला, "विगो, तुमच्यानंतर हे सगळं कोण बघणार?"

"हा काय प्रश्न झाला? आमचा एस्बेन!" तो खुर्चीतूनच डाफरला. "रोज पहाटे गोठ्यात जातो. पोराच्या बुटांचा आवाज मी ओळखत नाही होय?"

बोदिल उठून कपबशा आवरू लागली. दाराशी भलेमोठे गमबूट होते, ताज्या चिखलाने भरलेले. पैकीच्या पैकी गुण देऊन मी मोकळी झाले.

बोदिल मला पोचवायला दारापर्यंत आली. धारांची वेळ झाली होती. तिने तेच गमबूट ओढले, टोकांत कागदाचे बोळे कोंबले आणि आपली लहानशी पावलं आत सरकवली.



"एस्बेन वारला, त्याला वर्ष झालं. विगोला सांगितलं तरी तो विसरतो, आणि पुन्हा सांगितलं की दर वेळी नव्याने रडतो," ती कुजबुजली, आणि मुद्दाम पाय आपटत गोठ्याकडे निघाली.