ऐकणारीचा आवाज

खारूताई माइकसमोर उभी राहिली तेव्हा घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच वाजता डबिंग करून घेणाऱ्या मास्तरांना निर्मात्याला एक नाव कळवायचं होतं: नायिकेचा आवाज कोणाचा.

सिनेमा तेलुगू, शास्त्रीय गाण्याचा आणि प्रेमाचा. तो आता मराठीत बोलणार होता. सकाळी एका गायिकेची चाचणी झाली होती. चौदा वर्षं शिकलेली, उच्चार स्वच्छ, एकही वाक्य पडद्यावरच्या ओठांच्या पुढे नाही की मागे नाही. ती अजून घरी गेली नव्हती. काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिस्टच्या मागच्या खुर्चीत, निकालासाठी थांबली होती. गाण्याच्या सिनेमाला गाणारीच हवी, असं मास्तर दुपारी जेवताना म्हणालेही होते.

काचेपलीकडची बाई अकरा वर्षं मुलांच्या कार्टूनमध्ये खार होती. तिचं खरं नाव आता फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं. मधल्या काळात ती बोलका टूथब्रश झाली, रुसलेला ढग झाली, एकदा तर भोपळ्याची बी. ही चाचणी तिने स्वतः फोन करून मागून घेतली होती. एकदा तरी मला माणूस करा, असं ती मास्तरांना म्हणाली होती. ते हसले होते आणि मग त्यांना नाही म्हणवलं नव्हतं.

पहिल्या तीन प्रसंगांत खार निसटून बाहेर आलीच. वाक्य संपत आलं की आवाज वर पळायचा.

"ताई, वाक्याच्या शेवटी झाडावर चढू नका," मास्तर म्हणाले.

रेकॉर्डिस्टला हसू आवरेना. खारूताईही हसली, घोटभर पाणी प्यायली आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा चढली. मास्तरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. गायिकेने ते न वाचण्याचा प्रयत्न केला.

चौथ्या प्रसंगाच्या पानावर 'संवाद नाही' एवढंच होतं. नायिका गुरूची मुलगी. वडील शिकवतात तेव्हा ती ताल धरून बसते, आणि ताल चुकवणं तिला माहीत नाही. आज नवा शिष्य पहिल्यांदा गातो आणि ती ऐकते. दोन मिनिटं चाळीस सेकंद. गाणं मूळ तेलुगूच राहणार होतं. यात तुम्हाला काही काम नाही, सोडून देऊ, असं म्हणत मास्तरांनी फाइल मिटली.

खारूताई जागची हलली नाही. तेलुगू संवादांचा ट्रॅक काढला, त्याबरोबर नायिकेचे श्वासही गेले असतील ना, असं तिने विचारलं. रेकॉर्डिस्टने लावून पाहिलं. गेले होते. गाण्याखाली काहीच नव्हतं. पडद्यावर चेहरा हलत होता, पण भिंतीवर फोटो लावल्यासारखा. अशा जागी रेकॉर्डिस्ट आजवर साठ्यातला एखादा उसासा चिकटवत आला होता. त्याच्याकडे 'बाई, उसासा, मध्यम' या नावाची फाइलच होती.

एकदाच, मास्तर म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

रेकॉर्डिस्टने नेहमीप्रमाणे तिच्या हेडफोनमध्ये मूळ नायिकेचा आवाज सोडला. खारूताईने हात वर केला.

"तिला बंद करा. तिचं ऐकलं तर मी नक्कल करीन. मला त्याचं ऐकू द्या."

गाणं सुरू झालं. पडद्यावर नायिकेचा तळहात मांडीवर पडत होता. मग करंगळीपासून एकेक बोट, मग पुन्हा तळहात. खारूताईचे श्वास लहान आणि सारखे होते. रोजचं काम करता करता कानावर पडेल तेवढंच ऐकणाऱ्या मुलीचे. तरुण वरच्या स्वरांकडे वळला तसा एक श्वास उशिरा आला. पुढचा अर्धाच आला. मास्तरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

एक मिनिट पन्नास सेकंदांवर नायिकेचा हात वर गेला आणि वरच राहिला.

काचेपलीकडचा श्वास थांबला. यंत्रावर तिच्या माइकची हिरवी रेघ आडवी झाली. गाणं चालूच होतं, तालाचं एक चक्र पूर्ण होऊन दुसरं लागलं होतं आणि हात हवेतच होता. खारूताईचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत. रेकॉर्डिस्टने नंतर मोजलं तेव्हा ते चौदा सेकंद भरले. त्या क्षणी त्याला ते मोजण्यापलीकडचे वाटले होते. आडव्या रेघेत ऐकण्यासारखं काही नसतं, हे तो वीस वर्षं शिकाऊ मुलांना सांगत आला होता. आता तो तीच रेघ ऐकत होता.

मग हात खाली आला, भलत्याच ठिकाणी. पडद्यावरच्या वडिलांनी मान वळवली. खारूताईने श्वास सोडला. भरलेली कळशी जपून खाली ठेवावी, तसा. तो उसासा नव्हता. त्याला साठ्यात नाव नव्हतं.

गाणं संपलं, पडदा काळा झाला. थांबा म्हणायचं काम मास्तरांचं होतं. ते म्हणाले नाहीत. रेकॉर्डिंग चालूच राहिलं.

काचेपलीकडे खारूताई वाट पाहत होती. अलीकडचं बोलणं तिकडे जायला बटण दाबावं लागे, आणि ते कोणी दाबलं नव्हतं. तिने तिघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"चुकलं का?" तिने विचारलं.

गायिकेचा उजवा तळहात तिच्या गुडघ्यावर होता. गाणं लागलं की तो आपोआप मोजायला लागे. चौदा वर्षांची सवय. ती त्या हाताकडे पाहत होती.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "माझा ताल सुटला."