पु चार सतरा

मोरू शिमग्याला मुंबईहून आला. दुसऱ्या दिवशी बायजा त्याचा सदरा विहिरीवर धुवायला बसली, आणि कॉलर उलटी करताच तिचा हात थांबला. आत काळ्या शाईने काहीतरी लिहिलं होतं. तिने साबणाने घासलं, राखेने घासलं. अक्षरं हलेनात.

शेजारची आवडाबाई दुसरीपर्यंत शिकलेली. तिने सदरा उन्हात धरला.

"पु चार सतरा."

"म्हंजी काय?"

"चार म्हंजी चौथा माळा. सतरा ही खोली." आवडाबाईने आवाज उतरवला. "आन् पु म्हंजी पुष्पा. न्हायतर पुतळा. बायजे, परटाकडं कपडे जातात तवा ज्याचं घर त्याचं नाव घालतात. हितं मोरूचं नाव कुठं हाय?"

बायजाला एकेक आठवू लागलं. दिवाळीला तो आला नव्हता. काल आला तो पडवीतच आडवा झाला. आत उकडतं म्हणाला. दोन वर्षांची गोदू गळ्यात पडायला धावली, तर तिलाही जवळ घेतलं नाही.

घरी येऊन तिने ओला सदरा त्याच्या पुढ्यात टाकला. "पु कोन?"

मोरूने आधी रस्त्याकडे पाहिलं. "हळू बोल."

"का म्हनून हळू?"

"पु म्हंजी पुरुष. पुरुषांचा चार नंबर वॉर्ड, सतरावी खाट. इस्पितळात कपडे उकळून धुतात, अदलाबदल हू नये म्हनून खूण घालतात."

"कसलं इस्पितळ?"

"क्षयाचं." त्याने छातीवर हात ठेवला. "दिवाळीपासनं तिथंच व्हतो. सुया दिल्या. आता उतार हाय. पन गावात कळलं तर आपल्याला विहिरीवर चढू देनार न्हायीत, बायजा. माझ्या भनीची, कमळीची ठरलेली सोयरीक मोडंल."

बायजा त्याच्यापुढे बसली. त्याला धरावं म्हणून तिने हात पुढे केला. तो मागे सरकला.

तेवढ्यात काटेरी वईपलीकडून आवडाबाईची हाक आली. "गं बायजे, काय म्हनला? काय निघालं?"

बायजा उठली. सदरा पिळून, कॉलर आत दुमडून तिने तो दोरीवर टाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते न पुसताच ती वईपाशी गेली.

"बाई हाय," ती म्हणाली. "ठेवलीय मुंबयला."